काजळीचे महिने

दिवाळी होऊन गेली, पहाटे पांघरूण अंगावर ओढावंसं वाटू लागलं आणि एका सकाळी घरातले पंखे बंद झाले. आमच्या घरात हिवाळा आधी कानांना कळायचा. उन्हाळाभर आणि पावसाळाभर पंख्यांखाली दबून राहिलेला एक आवाज मग वर यायचा. गच्चीवरच्या पंपाची एकसुरी घरघर. जिन्यातून उतरत ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायची आणि आई चहा गाळता गाळता म्हणायची, "आली गं बाई थंडी." यंदा पंखे बंद झाले आणि वरून काहीच खाली आलं नाही. आईनं चहा गाळला. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. 

तो पंप माझ्या धाकट्या बहिणीचा, वंदनाचा. ती एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि मी दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं सांभाळतो. लग्न तिनं केलं नाही, मीही केलं नाही. दोघांची कारणं वेगळी होती आणि ती आम्ही एकमेकांना कधी विचारली नाहीत. आजोबा नागपूरहून येऊन महूच्या पलटणीत लागले, वडीलही. वडिलांनी नोकरी संपल्यावर इंदूरमध्ये, सांवेर रोडच्या अलीकडे, ही घराची जागा घेतली तेव्हा इथे हरभऱ्याची शेतं होती. आता आमच्या गच्चीवरून एका बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला हमरस्त्यावर रांगेत उभे असलेले ट्रक. गच्चीची जागा वंदूला फार पसंत होती. "इथे सगळं शहर आपल्याकडे चालत येतं, दादा," ती म्हणायची.

शहर तिच्याकडे चालत यायचं ते एका पांढऱ्या कागदावर. कागद म्हणायचा, पण तो खरं तर काचेच्या बारीक तंतूंचा, पाणीपुरीच्या पुरीएवढा गोल. गच्चीवर लोखंडी स्टँडवर एक डबा होता, त्याच्यावर छत्रीसारखी टोपी. डब्यात हा गोल ठेवला की पंप सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत हवा ओढायचा. हवा निघून जायची आणि तिच्यात तरंगत असलेलं कागदावर राहायचं. दुसऱ्या सकाळी पंप आपोआप थांबायचा. वंदू चिमट्यानं गोल उचलायची, चांदीसारख्या पन्नीत गुंडाळायची आणि आमच्या फ्रीजच्या वरच्या खणात, बटल्याच्या, म्हणजे मटाराच्या, पिशवीशेजारी, प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची. कोणी पाहुणा बर्फ काढायला गेला की ती खुर्चीतून अर्धी उठायची.

त्या गोलांवरून मला वर्ष वाचता यायला लागलं होतं. आषाढ-श्रावणात ते जवळजवळ कोरे निघायचे. धुतलेल्या धोतराला जेवढा पिवळेपणा असतो तेवढाच. सोयाबीन निघालं, दसरा झाला की त्यांच्यावर राखाडी सावली यायची. मार्गशीर्ष-पौषात ते काळे. कंदिलाच्या काचेवर आतून जशी काजळी बसते तसे काळे. फाल्गुनात जरा उजळायचे आणि चैत्रात पुन्हा बिघडायचे, पण वेगळ्या तऱ्हेनं. तेव्हा देपालपुरकडून वारा यायचा. गहू कापून झालेला असायचा आणि शेतात उरलेली धसकटं, इथले लोक त्याला नरवाई म्हणतात, ती पेटवली जायची. त्या दिवसांतले गोल तपकिरी निघायचे, चहाचा डाग पडल्यासारखे. वंदूनं मला दोन्ही रंग शेजारी ठेवून दाखवले होते. "हा काळा म्हणजे डिझेल, कोळसा, भट्टी. हा तपकिरी म्हणजे लाकूड, पालापाचोळा, गोवऱ्या. जे नीट जळलं नाही ते. दोन्ही कार्बनच. पण कुळं वेगळी."

इंदूरला येण्याआधी ती काही वर्षं उत्तरेत, चहूकडून डोंगर असलेल्या एका शहरात हेच काम करत होती. तिथे हिवाळ्यात धूर वाटीत ओतल्यासारखा साठून राहतो, असं ती सांगायची. डोंगर त्याला जाऊ देत नाहीत आणि वरून थंडी झाकण घालते. मी म्हटलं, मग माळव्याचं बरं, इथे चारी दिशा मोकळ्या. ती हसली. "डोंगर नसले तरी झाकण असतंच, दादा. हिवाळ्यात जमिनीजवळची हवा गार, तिच्यावरची ऊबदार. गार हवा वर चढत नाही. धूर बिचारा कुठे जाणार? आपल्याच नाकाशी घुटमळतो." तेव्हापासून पौषातल्या सकाळी समोरच्या घरांच्या पाण्याच्या टाक्यांच्या उंचीवर जो धुरकट पट्टा आडवा पसरलेला असतो तो मला झाकणासारखाच दिसतो. आम्ही सगळे त्याच्या खाली शिजत असतो. रस्ते मात्र लख्ख असतात. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि बाहेरगावचे पाहुणे तोंडात बोटं घालतात. "जमीन झाडता येते," वंदू म्हणायची. "वरचं कुणी झाडायचं?"

घरात तिच्या या कामाशी उघड भांडण फक्त आईचं होतं. आईची सिगडी गच्चीवर असते. थंडीत तिला गॅसवरचं काहीच पटत नाही. वांगं निखाऱ्यावरच भाजलं पाहिजे आणि कणकेचे बाफले गोवऱ्यांच्या आरावरच झाले पाहिजेत. महूला शेजारणीकडून शिकलेले बाफले ती वरणात बुडवून अशा काही थाटात वाढते, जणू ते नागपूरहून आपल्यासोबत आले. सिगडी पेटली की धूर थेट मशीनच्या टोपीत. मग वंदूनं नियम काढला. मशीन एक दिवसाआड चालायची, म्हणून एक दिवस मशीनचा आणि एक दिवस सिगडीचा. आईला तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा. ती जिन्यात उभी राहून, काडेपेटी हातात घेऊन हाक मारायची.

"वंदू, लावू का गं?"

"थांब आई, मशीनचा दिवस आहे."

"रोजच तुझ्या मशीनचा दिवस. तिला संडेची छुट्टी नाही का?"

"उद्या सकाळी कागद काढते, मग लाव खुशाल."

"उद्यापर्यंत ही वांगी म्हातारी होतील."

"मग गॅसवर भाज."

"गॅसवर! तुझ्या मशीनला गॅसवरचं भरीत खाऊ घाल." असं म्हणत ती खाली जायची. पण जायची. शेजारच्या कमला भाभीलाही तिनं तेच शिकवलं होतं. भाभींनी त्यांच्या गच्चीवर पालापाचोळा पेटवायचा म्हटला की आई कठड्यावरून ओरडायची, "भाभीजी, आज नही, आज मशीन का दिन है." भाभी हात जोडायच्या, तो नमस्कार आईला की मशीनला हे कळायचं नाही. वर्षातून काही वेळा तर गंमतच व्हायची. वंदू घरात नसायची, तरी आई जिन्यात उभी राहून तोच प्रश्न विचारायची, मग स्वतःच थबकायची आणि मला म्हणायची, "प्रकाश, बघ रे, आवाज येतोय का वरून?"

एका संध्याकाळी आम्ही तिघं राजवाड्यावरून चालत सराफ्यात गेलो होतो. सोन्याची दुकानं शटर ओढत होती आणि त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याच्या गाड्या मांडल्या जात होत्या. कढया चढत होत्या, शेगड्या फुलत होत्या. थंडीतला गराडू कंद, तेलातून काढून मसाल्यात घोळवलेला, आईच्या आवडीचा. वंदू खाता खाता वर बघत होती. दोन्हीकडच्या इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या आकाशात धूर आणि वाफ एकत्र चढत होती.

"आता इथेही नाक मुरडणार का?" आईनं विचारलं.

"नाही गं. हे सगळं माझ्या कागदावर येतं, एवढंच बघतेय."

"म्हणजे माझा गराडू पण?"

"तुझा गराडू पण."

आईला ते फार आवडलं. घरी परत येईपर्यंत ती रिक्षात दोनदा म्हणाली, "माझा गराडू पण."

वंदूच्या बोलण्यात एक गोष्ट मला तेव्हा कोरडी वाटायची. कमला भाभींच्या नातवाला हिवाळाभर खोकला होता. मी म्हटलं, हे बघ, हाच पुरावा, तुझे काळे गोल आणि हे पोर. ती म्हणाली, "नाही दादा. एका माणसावरून हवा सिद्ध होत नाही. हजारो माणसांवरून होते, आणि तेव्हा त्यांतलं कुठलं माणूस हवेमुळे गेलं हे सांगता येत नाही." मला राग आला होता. ग्रंथालयात बसणाऱ्या माणसाला एकेका माणसाची गोष्ट लागते. तिला सगळ्यांची बेरीज लागायची.

तिची आणखी एक पद्धत होती. अधूनमधून ती एक नवा कोरा गोल गच्चीवर न्यायची, मशीनमध्ये बसवायची आणि पंप चालू न करताच काढून घ्यायची. पन्नी, चिमटा, फ्रीज, बाकी सगळं तसंच. मी विचारलं, हा कशाला? "याच्यावर जे लागलंय ते शहराचं नाही. आपल्या हातांचं, आपल्या घराचं. ते बाकीच्यांतून वजा करायचं. नाहीतर आपलंच शहराच्या नावावर मांडलं जाईल."

गेल्या पौषात, मशीनच्या एका दिवशी, सकाळी कागद लावून ती कॉलेजला गेली आणि दुपारी प्रयोगशाळेत, मुलींना काहीतरी समजावून सांगताना, खाली बसली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. कुठलीही पूर्वसूचना नव्हती. महूचे नातेवाईक तासाभरात आले, बाकीच्यांना फोन गेले आणि संध्याकाळी आम्ही तिला घेऊन गेलो. आई आणि शेजारच्या बायका घरी राहिल्या. परत आलो तेव्हा अंधारलं होतं. अंगणात बादल्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांतून वाफ निघत होती. एकेकानं आंघोळ केली, मीही केली. पाणी चांगलं कढत होतं. एवढंच आठवतं, की अंगावर घेतलं तेव्हा पहिल्यांदा आपल्याला थंडी वाजत होती हे कळलं.

घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. आणि वरून घरघर येत होती. तिनं सकाळी लावलेला पंप तिच्या मागे हवा ओढत राहिला होता. बंद करावा असं कुणाला सुचलं नाही आणि मला सुचलं तरी मी केला नसता. दुसऱ्या सकाळी तो आपोआप थांबला. घरात जो सन्नाटा पडला तो मी विसरू शकत नाही. मी वर गेलो. तिनं शिकवलं होतं तसा चिमट्यानं गोल काढला, पन्नीत गुंडाळला, फ्रीजमध्ये ठेवला.

काढताना मी तो पाहिला होता. तसला काळा गोल मी कधी पाहिला नव्हता. त्याच्यापुढे आदल्या आठवड्यातले गोल राखाडी वाटले असते. कडेला थोडी तपकिरी झाक होती, ती मला दिसली, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला एकच वाक्य ऐकू येत होतं. ज्या दिवशी माझी बहीण गेली त्या दिवशी या शहराची हवा अशी होती.

ते वाक्य मी वर्षभर जवळ बाळगलं. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालताना, रस्ता झाडलेला बघताना, पाहुण्यांच्या तोंडून शहराचं कौतुक ऐकताना ते माझ्याजवळ असायचं. एका माणसावरून हवा सिद्ध होत नाही हे तिचं म्हणणं मला पाठ होतं. पण तो काळा गोल होता. डॉक्टरांनी हृदय म्हटलं होतं आणि मला हृदयावर रागावता येत नव्हतं. शहरावर येत होतं. उन्हाळ्यात लाईट जायची तेव्हा मी पहिल्यांदा फ्रीजकडे धावायचो, वर्तमानपत्रात बर्फ गुंडाळून त्या डब्याभोवती रचायचो. आई दारातून बघायची.

पंखे बंद झाल्यावर थोड्याच दिवसांनी तिवारीजींचा फोन आला. तिवारीजी वंदूचे कॉलेजमधले सहकारी, तिच्याच विभागातले, स्वभावाने गडबडे पण मनानं चांगले. आधीच्या ऋतूंचे गोल ते घेऊन गेले होते. हिवाळ्याचा डबा मी दिला नव्हता, आज देतो उद्या देतो करत राहिलो होतो. मोजायचं म्हणजे त्या गोलाचा एक तुकडा कापायचा आणि बंद नळीत तापवायचा. आधी तपकिरी कुळाचं उडतं, मग ऑक्सिजन सोडला की काळं जळतं. जळून जो वायू होतो तो मोजतात. मोजणं म्हणजे जाळणंच. ते मला वर्षभर जमलं नव्हतं.

"भिया, अब तो दे दो," तिवारीजी म्हणाले. "मैडम की बरसी पर कॉलेज में बोर्ड लगा रहे हैं. बारह महीने, बारह फिल्टर, काँच के नीचे. माघ से पूस तक. थोड़ा-सा काटेंगे, बाकी पूरा दिखेगा."

मी त्यांना त्या गोलाबद्दल सांगितलं. कसा दिसतो, कुठल्या दिवशीचा आहे. 

"भिया," ते हळू आवाजात म्हणाले, "वही आखरी होगा. यही तो पूरी बात है. लोग देखेंगे तो खड़े रह जाएँगे."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लोकांनी थांबावं, बघावं, मान खाली घालावी, हेच मला वर्षभर हवं होतं. देणं अवघड होतं, पण कशासाठी देतोय हे ठरलं होतं. मी डबा काढून ठेवायचं ठरवलं आणि येणाऱ्या रविवारी तिवारीजी घ्यायला येणार असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी गच्चीवर उन्हात बसलो होतो. आई बटला सोलत होती. बंद मशीनचा स्टँड आमच्या मागे, कठड्यापाशी. वर्षदिनाला महूहून कोण कोण येईल, झोपायचं कुठे, गाद्या कुणाकडून आणायच्या, असं ती मोठ्यानं जुळवत होती.

"आंघोळीचं पाणी आपण इथे वरच तापवू. मागच्यासारखं."

"मागच्यासारखं म्हणजे?"

"त्या दिवशी नाही का तापवलं? एवढ्या माणसांना गीझर कसा पुरणार?"

मी सोललेले दाणे हातातल्या हातात फिरवत होतो, ते थांबवलं. "कुठे तापवलं, आई?"

तिनं शेंगेनंच कठड्याकडे बोट केलं. स्टँडच्या अगदी जवळ, वाऱ्याचा आडोसा असतो तिथे. बाफल्यांच्या विटा नेहमी असतात तिथेच. "मोठं पातेलं ठेवलं होतं. कमला भाभीकडे सुतारकाम चालू होतं ना, तिनं प्लायचे तुकडे आणले, खोकी आणली. थंडीनं सादळलेली, पेटतच नव्हती मेली. धूर एवढा झाला की आम्हाला एकमेकींचं तोंड दिसेना." तिनं शेंग फोडली. "हातांना काहीतरी पाहिजे होतं रे. रिकामे राहिले असते तर मी वेडी झाले असते."

 त्या विटा मी दुसऱ्या सकाळी पाहिल्या होत्या. काळ्या होत्या. पण हिवाळ्यात त्या कधी काळ्या नसतात?

आई सोलत राहिली आणि मग, मी काही न विचारताच, म्हणाली, "मी विचारलं होतं, बरं का."

"काय?"

"सवय ना. काडी ओढायच्या आधी जिन्यात तोंड घालून हाक मारली मी. वंदू, लावू का गं?" तिनं मान हलवली. "कुणी नको म्हणालं नाही. भाभी मागे रडायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी लावली."

ऊन होतं तसंच होतं. सांवेर रोडकडून ट्रकांचे हॉर्न येत होते. मला तो गोल डोळ्यांपुढे दिसत होता आणि आता त्याच्या कडेची तपकिरी झाकही दिसत होती, जी वर्षभर मी दिसू दिली नव्हती. लाकूड, पालापाचोळा, गोवऱ्या. जे नीट जळलं नाही ते. तिनं मला दोन्ही रंग शेजारी ठेवून शिकवले होते. त्या गोलावर शहर किती होतं आणि आमचं घर किती, हे आता कुठल्याही नळीत जाळून वेगळं काढता येणार नव्हतं. वजा करायचंच होतं तर सगळाच वजा करावा लागला असता. आणि ज्या पाण्यानं त्या संध्याकाळी माझ्या अंगात ऊब आली होती ते पाणी त्याच धुराच्या खाली तापलं होतं.

उरलेली दुपार मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत काढली. सांगायचं नाही असं ठरवणं किती सोपं होतं. तिवारीजींना कळलं नसतं. बोर्ड बघणाऱ्यांना तर नाहीच. हिवाळ्यातली इंदूरची हवा वाईट असते हे काही खोटं नव्हतं, बाकीचे गोल तेच सांगत होते, मग शेवटचा थोडा जास्त काळा असला तर कुणाचं काय बिघडणार होतं? आणि तिवारीजींना खरं सांगायचं तर ते आईच्या कानावर जाणारच. तिनं लावलेल्या विस्तवानं मुलीचा शेवटचा कागद गेला, हे या वयात तिच्या हातात का द्यायचं? मी तिच्यासाठी गप्प राहतोय असं मला पटायला लागलं होतं. पण स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचं दार उघडलं की लक्षात यायचं, मी माझ्यासाठी गप्प राहत होतो. तो गोल गेला असता तर शहरावरचा राग ठेवायला माझ्याकडे जागाच उरली नसती.

संध्याकाळी आईनं दिवा लावला, तसबिरीपुढे हात जोडले आणि न वळताच विचारलं, "प्रकाश, त्या दिवशी मशीन चालू होती का रे?"

ती दुपारपासून तिच्यापरीनं तिथवर पोचली होती. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. नाही म्हणायला एक शब्द लागला असता.

"हो," मी म्हटलं. "मशीनचा दिवस होता."

ती वळली. "म्हणजे तो काळा, तू बर्फ लावून जपलास तो..."

"आपल्या धुराचा असेल, आई. बराचसा."

"मी खराब केला."

मला वंदूचा वर्गात चढायचा तसा आवाज आठवला. तिच्या विद्यार्थिनींनी एखाद्या कागदाला खराब म्हटलं की ती चिडायची. मी आईला तेच सांगितलं. "वंदूला खराब म्हटलेलं चालायचं नाही. ती म्हणायची, कागद खराब नसतो. त्याच्यावर काय झालं ते लिहायचं आणि रांगेतून बाजूला ठेवायचा. फेकायचा नाही."

आईनं दिव्याची वात सारखी केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग तिनं विचारलं, "काय लिहायचं?"

"जे झालं ते. घरी माणसं होती, पाणी तापवलं."

"मग लिही," ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "भाभीच्या प्लायचं पण लिही. नुसतं माझ्यावर नको."

मी पन्नीवर लिहिलं. प्लायचंही लिहिलं. मग डब्यातून तो गोल काढून वेगळ्या डबीत ठेवला आणि तिवारीजींना फोन लावला.

"भिया, मजाक मत करो," ते म्हणाले. "बोर्ड बन गया है. आखरी खाना खाली रखूँ क्या?"

"खाली रखिए."

"लोग पूछेंगे."

"तो बता दीजिए, उस दिन घर में आग जली थी."

पलीकडे ते जोरात श्वास सोडताना ऐकू आलं. "मैडम भी ऐसी ही थीं. एक फिल्टर के पीछे मुझसे महीने भर बात नहीं की थी." मग म्हणाले, "एक काम करें? मशीन तो अभी ऊपर ही है ना? इस साल उसी दिन का लगा लो. जो निकले सो निकले. वो लगा देंगे."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि हिवाळ्याचा डबा घेऊन गेले. फ्रीजमध्ये बटल्याच्या पिशवीशेजारी आता एक छोटी डबी राहिली आहे. तिच्यातला गोल कुणाला नको आहे. शास्त्राला त्याचा उपयोग नाही आणि माझ्या रागालाही. त्यावर त्या संध्याकाळी आमच्या घरी आलेल्या माणसांच्या आंघोळीचा धूर आहे. कधीतरी मी तो उघडून बघेन. अजून बघितलेला नाही.

शहरावरचा राग गेला असंही नाही. तो आता पातळ झालाय, सगळीकडे पसरलाय आणि त्यात मी स्वतःही आहे, आमची सिगडी आहे, आईचा गराडू आहे. असा राग सांभाळणं जास्त कठीण. त्याला धरायला काही नसतं.

आज तिचा वर्षदिन. पहाटे मी वर गेलो तेव्हा टाक्यांच्या उंचीवर तो धुरकट पट्टा होता आणि कारखान्यांची छपरं दिसत नव्हती. चिमट्यानं कोरा गोल उचलला. कागदाला बोट लागू न देता मशीनमध्ये बसवला. बटण दाबलं. पंप एकदा खोकला आणि सुरू झाला. मी खाली आलो आणि हे लिहायला बसलो. पंखे बंद आहेत, त्यामुळे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतंय.

महूची मंडळी थोड्या वेळापूर्वी पोचली. गीझरचं पाणी दोघातिघांतच संपलं. आईनं विटा मांडून ठेवल्याच होत्या, लाकडंही. मी टेबलाशी आहे आणि ती जिन्याच्या तळाशी उभी आहे, काडेपेटी हातात. वर बघतेय.

"लावू का रे?"

"थांब, आई."

"उद्या सकाळपर्यंत?"

"उद्या सकाळपर्यंत."

तिनं काडेपेटी कमरेला खोचली. मग मागचं दार उघडून कमला भाभींच्या घराकडे तोंड केलं आणि तिचा आवाज सगळ्या गल्लीत गेला. "भाभीजी, ओ भाभीजी, जरा अपना गीझर चालू करो. हमारे यहाँ आज मशीन का दिन है."